कौन्सिलमधले गोखले

आमच्या वर्धा जिल्ह्यात गांधीजी, जमनालालजी आणि विनोबा ही नावे लहान मुलांच्याही तोंडी असतात. पण गांधीजी ज्यांना आपले राजकीय गुरू मानीत, त्या गोपाळ कृष्ण गोखल्यांची ओळख बहुधा क्रमिक पुस्तकातल्या एका परिच्छेदापुरतीच असते. राज्यशास्त्राच्या तासाला जुन्या मुंबई कायदेकौन्सिलचा विषय निघाला, म्हणून मी ग्रंथालयातून त्यांचे चरित्र आणले आणि दोन रात्रींत वाचून काढले.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक गावी झाला. ते तेरा वर्षांचे असताना वडील वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून कागलला पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये ते दरमहा कोल्हापूरला गोपाळरावांना पाठवू लागले. उरलेल्या सात रुपयांत घर चालले. चरित्रकार ही गोष्ट दोन ओळींत उरकतात. मी मात्र तेथे बराच वेळ थांबलो. माझाही थोरला भाऊ आज शेतावर राबतो आहे. १८८४ साली गोपाळराव बी. ए. झाले, पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात प्राध्यापक झाले. न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखाली त्यांनी आकड्यांचा जो अभ्यास केला, तोच पुढे त्यांचे शस्त्र ठरला.

१८९७ साली ते विलायतेत वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यास गेले होते. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तावरील सोजिरांनी केलेल्या अत्याचारांची हकीकत त्यांनी तेथे प्रसिद्ध केली. परत आल्यावर पुरावा मागण्यात आला. माहिती देणाऱ्या मित्रांची नावे सांगावयाची नाहीत म्हणून त्यांनी जाहीर माफी मागितली. लोकांनी त्यांना भित्रा ठरविले. तरीही दोनच वर्षांनी, १८९९ साली, ते मुंबई कौन्सिलवर निवडून आले!

त्या वेळचे कौन्सिल म्हणजे आजची विधानसभा नव्हे. १८६२ साली ते सुरू झाले तेव्हा जगन्नाथ शंकरशेट आदी मंडळींना सरकारनेच नेमले होते. १८९२ च्या कायद्याने अप्रत्यक्ष निवडणूक आली, प्रश्न विचारण्याची आणि अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा मिळाली. पण अंदाजपत्रकावर मत देता येत नसे. बहुमत सरकारी सभासदांचे. आमच्या मध्य प्रांतात तर १९१४ पर्यंत कौन्सिल बसलेच नाही.

खरी कसोटी लागली १९०१ साली. छप्पनच्या दुष्काळाने शेतकरी मोडला होता. सारा थकल्यामुळे सरकारजमा झालेली जमीन पुन्हा कसायला द्यायची, पण ती विकण्याचा किंवा गहाण टाकण्याचा हक्क द्यायचा नाही, असे विधेयक सरकारने आणले. सावकारापासून शेतकऱ्याचे रक्षण करतो, असे सरकारचे म्हणणे. गोखल्यांचे म्हणणे असे, की हक्क गेला की पत जाते, आणि पत गेली की शेतकरी सरकारचा निव्वळ कूळ होतो. लोकमत अजमावण्यासाठी विधेयक लांबणीवर टाकण्याची मागणी फेटाळली गेली, तेव्हा फिरोजशहा मेहता सभागृहातून उठून गेले. मागोमाग गोखलेही गेले. विधेयक अर्थातच मंजूर झाले.

येथे माझे मन अडते. सावकाराच्या वहीत शेते कशी जातात हे आमच्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. पवनारच्या विनोबांनी मिळविलेली भूदानाची जमीनही घेणाऱ्याला विकता येत नाही, आणि त्यात कोणाला अन्याय वाटत नाही. मग गोखले चुकले काय? मला वाटते, नियम तोच असला तरी तो कोण करतो, आणि ज्याच्यासाठी करतो त्याला विचारून करतो की नाही, यात फरक आहे. तरी सभात्यागाने शेतकऱ्याच्या पदरात काय पडले, हा प्रश्न उरतोच.

पुढे ते कलकत्त्याच्या वरिष्ठ कौन्सिलात गेले. तेथले त्यांचे मिठाच्या करावरील भाषण प्रसिद्ध आहे. मला त्यांचे १९११ चे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक अधिक मोलाचे वाटते. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शाळेत घालणे पालकांना बंधनकारक करावे, आणि महिना दहा रुपयांहून कमी मिळकत असलेल्यांकडून फी घेऊ नये, एवढेच त्यात होते. १९१२ च्या मार्चमध्ये ते तेरा विरुद्ध अडतीस मतांनी पडले. विरोधात सरकारी सभासद होते, तसे आपले जमीनदारही होते. गरिबाची पोरे शाळेत गेली तर शेतावर कोण राबणार, ही त्यांची चिंता.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, गोखले पुण्यात वारले. शिक्षणाचा हक्क घटनेत यायला २००२ साल उजाडले.