नालंदेचे आचार्य शीलभद्र

नालंदा म्हटले की आपल्याला हजारो भिक्खू, भव्य ग्रंथालय आणि अखेरची ती आग एवढेच आठवते. ते विद्यापीठ रोज चालवीत कोण, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. वसतिगृहात वाढलेल्या आम्हांला मात्र तो पडतो. म्हणून या स्मरणिकेसाठी आम्ही आचार्य शीलभद्रांचे चरित्र निवडले.

शीलभद्र समतट देशाच्या, म्हणजे आजच्या बांगलादेशाच्या भागातील, ब्राह्मण राजकुळात जन्मले. गुरूच्या शोधात देशोदेशी हिंडून ते नालंदेस आचार्य धर्मपालांपाशी स्थिरावले. पाचव्या शतकात गुप्त राजांच्या दानातून उभा राहिलेला हा महाविहार तेव्हा भरात होता. दक्षिणेकडील एका पंडिताने धर्मपालांना वादाचे आव्हान दिले, तेव्हा अवघे ३० वर्षांचे शीलभद्र पुढे झाले. त्यांचे वय पाहून इतर भिक्खू कचरले. धर्मपालांनी तरीही त्यांनाच पाठविले. ते जिंकले. राजाने संतोषून गाव इनाम दिले. चीवरधाऱ्याला गाव कशाला, म्हणून त्यांनी ते नाकारले. राजा हटेना, तेव्हा त्यांनी तेथे विहार बांधला आणि गावाचे उत्पन्न त्यास लावून दिले. आम्हांला त्या वादविजयाहून ही गोष्ट मोठी वाटते.

नालंदेचा संसारही असाच चाले. १०० गावांचा महसूल विहाराकडे लावलेला होता. तेथील २०० कुटुंबे रोज तांदूळ, लोणी व दूध पोहोचवीत. अन्नवस्त्राची विवंचना नसल्याने विद्यार्थ्यांचा दिवस अध्ययनात जाई. प्रवेश मात्र कठीण. दारावरच प्रश्न विचारले जात आणि दहांपैकी सातआठ जण परत फिरत. पुढे शीलभद्रच या संघाचे प्रमुख झाले. आदरापोटी त्यांचे नाव कोणी उच्चारीत नसे. सद्धर्माचे भांडार म्हणूनच त्यांचा उल्लेख होई.

सातव्या शतकात चिनी भिक्खू ह्युएनत्संग तेथे पोहोचले, तेव्हा आचार्यांनी शंभरी ओलांडली होती, असे त्यांचे चिनी चरित्र सांगते. सुमारे २० वर्षे ते सांध्यांच्या असह्य वेदनेने पीडित होते. तीन वर्षांपूर्वी तर अन्नत्याग करून देह ठेवण्याचे त्यांनी ठरविले होते. स्वप्नात बोधिसत्त्वांनी त्यांना थोपविले आणि चीनहून येणाऱ्या एका भिक्खूला शिकविण्यासाठी जगावयास सांगितले. ही हकीकत आचार्यांच्या आज्ञेवरून त्यांच्या सत्तरी उलटलेल्या पुतण्याने, बुद्धभद्रांनी, पाहुण्यास सांगितली. सांगताना त्यांचे डोळे भरून आले. स्वप्नाचा अर्थ ज्याने त्याने लावावा. त्या जराजर्जर आचार्यांनी योगाचारभूमीचा पाठ पुढे १५ महिने चालविला, हे मात्र खरे.

ह्युएनत्संग मायदेशी परतल्यानंतर आचार्यांच्या निधनाची वार्ता एका दूताकरवी त्यांना कळली. इ. स. ६५४ मध्ये त्यांनी नालंदेतील भिक्खू ज्ञानप्रभ यांना शोकपत्र धाडले. सिंधू नदी ओलांडताना पाण्यात गेलेल्या ग्रंथांची यादी त्यासोबत जोडली होती, आणि त्यांच्या प्रती पुन्हा पाठवाव्यात, अशी विनंती होती.