बाळकृष्ण भगवंत बोरकर

बाळकृष्ण भगवंत बोरकर (३० नोव्हेंबर, १९१० - ८ जुलै, १९८४) हे मराठी आणि कोंकणी या दोन्ही भाषांत लेखन करणारे गोमंतकीय कवी, कादंबरीकार, ललितनिबंधकार व अनुवादक होते. ते बा.भ. बोरकर या नावाने लिहीत. गोव्यात आणि मित्रमंडळींत ते बाकीबाब या नावाने ओळखले जात. 'बाब' हे कोंकणीत पुरुषाच्या नावापुढे लावायचे आदरार्थी पद आहे. १९५५ ते १९७० या काळात ते आकाशवाणीच्या पुणे व पणजी केंद्रांवर होते. मराठी वाचक त्यांना निसर्ग, प्रेम आणि भक्ती यांचे कवी म्हणून ओळखतो. मात्र छापील ग्रंथांचा आधार फारसा नसलेल्या कोंकणीसारख्या भाषेचा कवी नभोवाणीच्या सेवेत असणे ही गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे आणि तिची नोंद त्या मानाने कमी झाली आहे.

भाषिक पार्श्वभूमी

कोंकणी भाषा आणि कोकणातील बोली यांची गल्लत वारंवार होते. रायगड जिल्ह्यातील पेण, रोहा या भागांत बोलल्या जाणाऱ्या आगरी, कोळी इत्यादी बोली या उत्तर कोकणातील असून त्यांची गणना सामान्यतः मराठीच्या बोलींत केली जाते. येथे जिचा विचार आहे ती कोंकणी म्हणजे गोवा, कारवार, मंगळूर आणि थेट कोचीपर्यंत पसरलेली भाषा होय. मराठीशी तिचे नाते निकटचे आहे, आणि या निकटपणामुळेच ती मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, हा वाद दीर्घकाळ आणि बराच कटुतेने चालला.

पोर्तुगीज राजवटीत या भाषेची स्थिती विचित्र झाली. आरंभीच्या मिशनऱ्यांनी ती आस्थेने शिकून घेतली. फादर थॉमस स्टीफन्स यांनी रचलेले तिचे व्याकरण १६४० मध्ये राशोल येथे छापले गेले. त्यानंतर १६८४ मध्ये व्हाइसरॉयने आज्ञापत्र काढून, लोकांनी तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावी आणि स्थानिक भाषा सोडावी, असे फर्मावले. आज्ञेने भाषा मेली नाही. परंतु शाळा, कचेरी आणि प्रतिष्ठित लेखन यांतून ती हद्दपार झाली. हिंदू समाज लिहिण्या-वाचण्यासाठी व पूजापाठासाठी मराठीकडे वळला, तर ख्रिस्ती समाजातील वरचा वर्ग पोर्तुगीजकडे. कोंकणी उरली ती घरात, बाजारात, शेतात आणि गाण्यात. पौषात मांडावर बायका घालतात ते धालो, फुगडी, लग्नघरच्या ओव्या, शिगम्याची गीते, साष्टीच्या वाड्यांतून व्हायोलिन आणि घुमट यांच्या साथीने संथपणे गायिला जाणारा मांडो, त्यामागून येणारे द्रुत लयीचे दुलपद, देखणी, जागर आणि तियात्र हे या भाषेचे खरे वाङ्मय होते. त्यातील बहुतांश कंठस्थ होते.

याला जोड मिळाली लिप्यांच्या अडचणीची. गोव्यातील हिंदू कोंकणी देवनागरीत लिहीत, ख्रिस्ती रोमी लिपीत. मंगळूरकडे कन्नड लिपी, केरळात मल्याळम आणि भटकळच्या नवायत मुसलमानांत फारसी-अरबी वळणाची लिपी प्रचलित होती. एकाने लिहिलेले दुसऱ्याला वाचता येत नसे. बोललेले मात्र थोड्या प्रयासाने समजे. ध्वनिक्षेपकाला लिपी नसते, ही साधी गोष्ट या भाषेच्या बाबतीत फार मोलाची ठरली.

बालपण आणि शिक्षकी

बोरकरांचा जन्म कुडचडे येथे झाला. त्यांच्या घराण्याचे गाव जुवारीच्या काठावरील बोरी. हे गाव फोंडा महालात, म्हणजे जुन्या अंत्रुजात येते. मंदिरांच्या या परिसरात पोर्तुगीज सत्ता उशिरा पोहोचल्याने भजन, कीर्तन आणि उत्सवांची परंपरा अखंड राहिली होती. त्यामुळे संतांची मराठी आणि घरातली कोंकणी अशा दोन भाषांचा संस्कार एकाच वेळी झाला. तिसरी, पोर्तुगीज, शाळेत मिळाली. पुढे मॅट्रिकच्या परीक्षेसाठी ते धारवाडला गेले, परंतु महाविद्यालयीन शिक्षण पूर्ण झाले नाही.

१९३० ते १९४५ अशी पंधरा वर्षे त्यांनी गोव्यात शिक्षकाचा पेशा केला. 'प्रतिभा' हा पहिला कवितासंग्रह १९३० मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा ते वीस वर्षांचेही नव्हते. १९३७ च्या 'जीवनसंगीत'ने त्यांचे नाव महाराष्ट्रात सर्वत्र झाले. पुढे 'दूधसागर' (१९४७) आणि 'आनंदभैरवी' (१९५०) हे संग्रह आले. 'भावीण' (१९५०) ही कादंबरी गोव्यातील देवळांशी बांधलेल्या स्त्रियांच्या जीवनावर आहे. आपल्याच परिसरातील एका प्रथेकडे इतक्या जवळून पाहणारी ही कादंबरी त्यांच्या कवितेच्या मानाने कमी वाचली जाते, हे खेदकारक आहे.

१९४६ मध्ये डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगाव येथे नागरी स्वातंत्र्याचा लढा उभारला. याच सुमारास बोरकर मुंबईला आले आणि गोवामुक्तीच्या चळवळीशी जोडले गेले. 'आमचा गोमंतक' आणि 'पोर्जेचो आवाज' या नियतकालिकांचे संपादन त्यांनी केले. 'पोर्जेचो आवाज' म्हणजे प्रजेचा आवाज. पोर्तुगीज हद्दीत जे छापता येत नव्हते ते मुंबईत छापले जाई. पण ते सीमेपलीकडे पोहोचवणे कठीण होते आणि पोहोचले तरी वाचू शकणारे थोडे होते.

आकाशवाणी

१९५५ च्या नोव्हेंबरात बोरकर आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर रुजू झाले. हे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले होते. बोरकर तेथे आले तेव्हा ग.दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे 'गीतरामायण' आठवड्यामागून आठवडा प्रसारित होत होते. १ एप्रिल १९५५ पासून सुमारे वर्षभर चाललेल्या या मालिकेने एक गोष्ट सिद्ध केली होती. कविता छापील पानावरून उतरून स्वरांतून घरोघरी जाऊ शकते आणि तिच्यासाठी श्रोते आपले वेळापत्रक बदलतात.

केंद्रीय मंत्री बा.वि. केसकर यांच्या कारकिर्दीत निरनिराळ्या भाषांतील साहित्यिकांना व संगीतज्ञांना आकाशवाणीवर निर्माते म्हणून घेण्याचे धोरण होते. पु.ल. देशपांडे हेही त्याच सुमारास आकाशवाणीत आले. बोरकरांकडे वाणीच्या, म्हणजे भाषणे, चर्चा, काव्यवाचन अशा स्वरूपाच्या कार्यक्रमांचे काम होते. असे काम बाहेरून वाटते तितके सोपे नसते. वक्ता निवडायचा, त्याचा मजकूर ठरावीक मिनिटांत बसवायचा, कागदावर शोभणारी लांब वाक्ये कानासाठी तोडायची, आणि श्रोत्याला मागे वळून पुन्हा वाचता येत नाही याचे भान सतत ठेवायचे. बोरकर स्वतः आपल्या कविता चालीवर गाऊन म्हणत आणि त्यांचे हे गायन मैफलीसारखे रंगत असे. शब्द आधी नादात जन्मतो, हा त्यांच्या कवितेचा धर्मच होता. त्यामुळे या माध्यमात ते परके नव्हते.

'पायंजणां' हा त्यांचा कोंकणी कवितासंग्रह १९६० मध्ये, म्हणजे पहिल्या मराठी संग्रहानंतर तब्बल तीस वर्षांनी आला. आकाशवाणीच्या नोकरीतच तो सिद्ध झाला, हा केवळ योगायोग असू शकेल. तरी शब्दांच्या उच्चाराशी रोजचा संबंध असलेल्या माणसाने आपल्या बोलण्याच्या भाषेकडे वळावे, हे स्वाभाविक वाटते. त्याच वर्षी मराठीत 'चित्रवीणा' प्रसिद्ध झाला.

गोव्यात पोर्तुगीजांनी १९४६ पासून 'एमिसोरा द गोवा' हे नभोवाणी केंद्र चालवले होते. त्यावर पोर्तुगीजसोबत कोंकणी आणि मराठी कार्यक्रमही होत. राजवटीला लोकांपर्यंत पोहोचायचे तर लोकांच्याच भाषेत बोलावे लागते. शाळेत नाकारलेली कोंकणी अशा रीतीने सरकारी ध्वनिक्षेपकावर आली. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय लष्कराची कारवाई झाली तेव्हा हवाई दलाने बांबोळी येथील बिनतारी केंद्रावर बाँब टाकले. १९ डिसेंबर रोजी गोवा मुक्त झाला आणि त्यानंतर आकाशवाणीचे पणजी केंद्र सुरू झाले. बोरकर पुढे याच केंद्रावर आले आणि १९७० मध्ये निवृत्त होईपर्यंत आकाशवाणीच्या सेवेत राहिले.

पणजी केंद्रामुळे मांडो, धालो, तियात्रातील गाणी आणि कोंकणी भाषणे एकाच केंद्रावरून प्रसारित होऊ लागली. साष्टीच्या ख्रिस्ती घरातील गाणे फोंड्याच्या हिंदू घरात आणि फोंड्याचे साष्टीत ऐकू जाऊ लागले. मात्र नभोवाणीने सगळ्यांना सारखे वागवले असे म्हणता येत नाही. कोंकणीत बारदेशी, साष्टी, अंत्रुजी असे ठळक भेद आहेत. प्रमाण कोंकणी म्हणून जी पुढे आली ती मुख्यतः अंत्रुजी वळणाची, म्हणजे बोरकरांच्या गावाकडची. रोमी लिपीत लिहिणाऱ्या लेखकांत आपली बोली मागे पडल्याची भावना निर्माण झाली आणि ती निराधार नव्हती.

निर्मात्याच्या कामाचा वारसा ग्रंथांतून मोजता येत नाही. त्या काळी ध्वनिफिती महाग असत, त्यामुळे कार्यक्रम प्रसारित झाल्यावर फीत पुसून तिच्यावर दुसरे मुद्रण करण्याची प्रथा रूढ होती. आयरिश समुद्रातील आइल ऑफ मॅन या बेटाची मँक्स भाषा या संदर्भात आठवते. १९४८ मध्ये आयर्लंडच्या लोकसाहित्य आयोगाने तेथे जाऊन उरलेल्या वृद्ध भाषकांचे आवाज तबकड्यांवर मुद्रित केले. त्यांपैकी नेड मॅड्रेल हे जन्मतः मँक्स बोलणारे अखेरचे भाषक १९७४ मध्ये वारले; पुढच्या पिढीने त्यांच्याकडून आणि त्या मुद्रणांतून भाषा पुन्हा शिकून घेतली. कोंकणीवर तशी वेळ आली नाही, कारण तिचे भाषक लक्षावधी होते. परंतु धालोची गीते मुखोद्गत असलेल्या वृद्ध स्त्रियांच्या पिढ्या तिथेही सरतच होत्या, आणि पुसलेल्या फितींबरोबर काय गेले याचा हिशेब लागणे कठीण आहे.

दोन भाषांचा वाद

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल घेण्यात आला. महाराष्ट्रात विलीन व्हावे की स्वतंत्र केंद्रशासित प्रदेश राहावे, असा प्रश्न होता. निकाल विलीनीकरणाच्या विरोधात गेला. या काळात मराठी आणि कोंकणी यांच्या पुरस्कर्त्यांत मोठी दरी पडली. एका भाषेत लिहिणाऱ्याकडे दुसऱ्या बाजूचे लोक संशयाने पाहत. बोरकरांची अडचण अशी की त्यांची कीर्ती मराठीत होती आणि मायबोली कोंकणी होती. दोन्हींपैकी एक सोडावी, अशी अपेक्षा करणारे दोन्हीकडे होते. त्यांनी कोणतीच सोडली नाही. जनमत कौलाच्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली. त्यापूर्वीचा 'गितार' (१९६५) आणि नंतरचा 'चैत्रपुनव' (१९७०) हे दोन्ही संग्रह मराठी आहेत, आणि त्यांच्या मराठीत गोव्याच्या बोलीतले शब्द आणि लकबी मोकळेपणाने वावरतात. मराठी कवितेचा हा लाभ कोंकणीकडून झालेला आहे, हे मराठी समीक्षेने अधिक मोकळेपणाने मान्य करायला हवे होते.

साहित्य अकादमीने १९७५ मध्ये कोंकणीला स्वतंत्र साहित्यिक भाषा म्हणून मान्यता दिली. बोरकरांच्या 'सासाय' या कोंकणी कवितासंग्रहाला १९८१ मध्ये अकादमीचा पुरस्कार मिळाला. अर्धे शतक मराठी कविता लिहिणाऱ्या या कवीच्या नावापुढे अकादमीच्या यादीत कोंकणीचा पुरस्कार आहे.

अखेरची वर्षे

निवृत्तीनंतर बोरकरांचे लेखन थांबले नाही. कालिदासाच्या 'मेघदूता'चा त्यांनी मराठी अनुवाद केला. 'कांचनसंध्या' हा संग्रह १९८१ चा. मधुमेहाने त्यांच्या दृष्टीवर परिणाम होऊ लागला होता. येऊ घातलेल्या अंधत्वाच्या जाणिवेतून त्यांनी 'तमःस्तोत्र' रचले. गांधीजींच्या जीवनावरील 'महात्मायन' हे दीर्घकाव्य मात्र अपूर्ण राहिले.

पु.ल. देशपांडे आणि सुनीता देशपांडे यांनी बोरकरांच्या कवितांच्या जाहीर वाचनाचे कार्यक्रम केले. सभागृहे भरून लोक कविता ऐकायला येत, आणि त्यांतील अनेकांनी बोरकरांचे पुस्तक कधी हातात धरलेले नसे. कवितांना चाली लागून त्यांची गाणीही झाली आणि ती नभोवाणीवर वाजत राहिली.

८ जुलै १९८४ रोजी बोरकरांचे निधन झाले. गोव्याच्या विधानसभेने राजभाषा विधेयक संमत केले ते त्यानंतर अडीच वर्षांनी, ४ फेब्रुवारी १९८७ रोजी. त्यान्वये देवनागरी लिपीतील कोंकणी ही राजभाषा ठरली आणि मराठीच्या शासकीय वापराचीही तरतूद झाली. १९९२ मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत कोंकणीचा समावेश करण्यात आला.