ओटो ऱ्योम

ओटो ऱ्योम (इ.स. १८७६, ओह्रिंगेन – १७ सप्टेंबर, इ.स. १९३९, बर्लिन) हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ व उद्योजक होते. ॲक्रिलिक बहुवारिके, म्हणजे लहान रेणूंच्या साखळ्यांनी बनलेले मोठ्या रेणूंचे पदार्थ, प्रयोगशाळेतून कारखान्यात आणण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांच्याकडे जाते. ‘प्लेक्सिग्लास’ हा काचेसारखा पारदर्शक पदार्थ त्यांच्या कंपनीत तयार झाला. दातांच्या कवळीचा गुलाबी पाया आजही बहुधा याच पदार्थाचा, म्हणजे पॉलिमेथिल मेथॅक्रिलेटचा, असतो.

शिक्षण आणि प्रबंध

ऱ्योम यांचा जन्म दक्षिण जर्मनीतील व्युर्टेमबर्ग राज्यात झाला. प्रारंभी त्यांनी औषधालयात उमेदवारी केली. पुढे म्युनिक व ट्युबिंगेन येथे शिक्षण घेऊन, हान्स फॉन पेखमान यांच्या मार्गदर्शनाखाली इ.स. १९०१ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. ॲक्रिलिक आम्लाच्या बहुवारिकीकरणातून मिळणारे पदार्थ हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. द्रवापासून रबरासारखी किंवा काचेसारखी घन वस्तू बनते, हे त्यांनी अभ्यासले. परंतु ती नियमितपणे, हव्या त्या आकारात व परवडणाऱ्या खर्चात बनवण्याची रीत तेव्हा कोणालाही ठाऊक नव्हती. ही रीत सापडण्यास सुमारे तीस वर्षे लागली.

चर्मोद्योगातील कार्य

डॉक्टरेटनंतर ऱ्योम यांनी काही काळ डार्मस्टाट येथील मर्क कंपनीत आणि नंतर श्टुटगार्टच्या गॅस कारखान्यात नोकरी केली. चुन्यात भिजवलेली कातडी मऊ करण्यासाठी चर्मकार त्या काळी कुत्र्यांची विष्ठा वापरीत. हे काम किळसवाणे होते आणि त्याचे फळही बेभरवशाचे असे. कातडीवर होणारा परिणाम मुळात एंझाइमांचा आहे हे ओळखून ऱ्योम यांनी प्राण्यांच्या स्वादुपिंडातील एंझाइमांपासून ‘ओरोपॉन’ हे द्रव्य तयार केले.

त्याच्या उत्पादनासाठी इ.स. १९०७ मध्ये एस्लिंगेन येथे मित्र ओटो हास यांच्या भागीदारीत ‘ऱ्योम आणि हास’ कंपनी स्थापन झाली. इ.स. १९०९ मध्ये ती डार्मस्टाटला हलली आणि त्याच वर्षी हास अमेरिकेतील व्यवसाय उभारण्यासाठी फिलाडेल्फियाला गेले. पहिल्या महायुद्धानंतर दोन्ही कंपन्या स्वतंत्र झाल्या. इ.स. १९१४ मध्ये ऱ्योम यांनी एंझाइमयुक्त ‘बुर्नुस’ हे कपडे धुण्याचे द्रव्यही बाजारात आणले.

ॲक्रिलिककडे पुनरागमन

चर्मोद्योगातून मिळालेल्या स्थैर्यामुळे ऱ्योम यांना प्रबंधाच्या विषयाकडे परत वळता आले. लाखरोगण आणि रबराला पर्याय म्हणून त्यांनी ॲक्रिलिक वापरून पाहिले. इ.स. १९२० च्या दशकाअखेरीस डार्मस्टाट येथे ॲक्रिलेटचे औद्योगिक उत्पादन सुरू झाले. दोन काचांमध्ये ॲक्रिलिकचा थर घालून सुरक्षित काच बनवण्याचे प्रयोग झाले. वाल्टर बाउअर आदी सहकाऱ्यांच्या साहाय्याने त्यातून मेथिल मेथॅक्रिलेटच्या स्वच्छ, कठीण तक्त्यांपर्यंत मजल गेली. इ.स. १९३३ मध्ये ‘प्लेक्सिग्लास’ हे व्यापारचिन्ह नोंदवले गेले. हलका आणि सहजी न फुटणारा हा पदार्थ लवकरच लढाऊ विमानांच्या खिडक्यांसाठी मोठ्या प्रमाणावर वापरला जाऊ लागला.

कवळ्यांमधील उपयोग

ऱ्योम यांनी स्वतः कवळ्या बनवल्या नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून कवळ्या व्हल्कनाइट या कठीण रबराच्या होत्या. त्या टिकाऊ असल्या तरी अपारदर्शक व गडद दिसत. हिरडीचा रंग हुबेहूब घेणारे ॲक्रिलिक त्यामुळे दंतवैद्यांना आकर्षक वाटले. परंतु तयार ॲक्रिलिक तापवून साच्यात दाबले, तर त्यात ताण शिल्लक राहत. इ.स. १९३६ च्या सुमारास जर्मनीतील कुल्झर कंपनीच्या ‘पॅलाडॉन’ने यावर तोड काढली. बहुवारिकाची पूड आणि एकवारिकाचा (सुट्या लहान रेणूंचा) द्रव मिसळून कणकेसारखा गोळा करायचा, तो साच्यात भरायचा आणि उष्णता देऊन घट्ट करायचा, अशी ही पद्धत होती. केवळ द्रव घट्ट झाल्यास त्याचे आकारमान सुमारे २१ टक्क्यांनी घटते. पूड व द्रव ३:१ या प्रमाणात घेतल्यास ही घट सुमारे ७ टक्क्यांवर येते.

कवळीचे आयुष्य पुढील क्रियेवर अवलंबून असते. एकवारिक सुमारे १०० अंश सेल्सियसला उकळते. त्यामुळे साचा घाईने तापवल्यास जाड भागात बुडबुडे अडकून कवळी सच्छिद्र व ठिसूळ होते. म्हणून साचा सुमारे ७४ अंशांच्या पाण्यात काही तास ठेवण्याची पद्धत रूढ झाली. उष्णता कमी काळ दिल्यास न जुळलेले एकवारिक मागे राहते. त्याने कवळीची ताकद घटते व काहींच्या तोंडात दाहही होतो. साचा एकदम थंड केल्यास कवळी वाकडी होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत उष्णतेवाचून घट्ट होणारे ॲक्रिलिक आले. त्यात उरणाऱ्या एकवारिकाचे प्रमाण ३ ते ५ टक्के, तर उष्णतेने नीट घट्ट केलेल्या कवळीत ०.२ ते ०.५ टक्के असते. म्हणून असे ॲक्रिलिक मुख्यतः कवळीच्या दुरुस्तीसाठी वापरले जाते.

मृत्यू आणि वारसा

दुसरे महायुद्ध सुरू होऊन तीन आठवडेही झाले नव्हते, तोच बर्लिन येथे ऱ्योम यांचे निधन झाले. त्यांच्या पदार्थाने व्हल्कनाइटची जागा घेतली ती मुख्यतः त्यांच्या मृत्यूनंतर, इ.स. १९४० च्या दशकात. पदार्थ सापडणे आणि तो घडवण्याची रीत सापडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्यांच्या प्रबंधापासून प्लेक्सिग्लासपर्यंतच्या वाटचालीत दिसते. कवळी घडवणाऱ्या तंत्रज्ञाला ते आजही साच्यापाशी ध्यानात ठेवावे लागते.