राजनांदगावच्या गाडीतील प्रवासी



कुरुदहून निघून भिलाईच्या स्थानकावर आपण पश्चिमेकडे जाणाऱ्या गाडीत बसलात, तर दुर्ग मागे पडते, शिवनाथेचा पूल लागतो आणि थोड्याच वेळात राजनांदगाव येते. त्यापुढे डोंगरगड, गोंदिया आणि मग नागपूर. भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली. त्या सुमारास व त्यानंतर जी मराठी कुटुंबे पोटासाठी इकडे येऊन स्थिरावली, त्यांची ही माहेरची वाट. लग्नकार्याला, आजारपणाला, आणि कधी कधी शेवटचे दर्शन घेण्याला आम्ही याच रुळांवरून जात-येत असतो. परंतु कारखान्याच्या कितीतरी आधी, १८९३ साली, नोकरीच्या शोधात निघालेला एक मराठी कवी याच मार्गाने नागपूरहून राजनांदगावकडे आला होता, याची आठवण गाडीत बसलेल्या किती जणांना असते?

तो कवी म्हणजे नारायण वामन टिळक. आपण रविवारी उपासनेत ज्यांची गीते गातो, तेच हे रेव्हरंड टिळक. मात्र त्या दिवशी गाडीत बसलेल्या गृहस्थांना आपण रेव्हरंड होणार आहोत याची पुसटशीही कल्पना नव्हती. वयाची तिशी उलटलेली, संस्कृताचा व्यासंग दांडगा, कवित्वाची देणगी जन्मजात. पण हाताला स्थिर असे काहीही नाही. अशा अवस्थेत ते निघाले होते.

त्यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील तापट व कठोर, आई जानकीबाई भाविक आणि हळव्या मनाच्या. आई गेली तेव्हा नारायणाचे वय जेमतेम अकरा वर्षांचे होते. त्यानंतर घरात त्यांचे मन रमले नाही. ते घर सोडून नाशिकला आले आणि गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृत शिकले. १८८० साली नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिका या अकरा-बारा वर्षांच्या मुलीशी त्यांचा विवाह झाला. सासरी तिचे नाव लक्ष्मी ठेवण्यात आले. पुढे 'स्मृतिचित्रे' लिहून मराठी वाङ्मयात अढळ स्थान मिळविणाऱ्या लक्ष्मीबाई त्या ह्याच.

लग्नानंतरची वर्षे म्हणजे नुसती भ्रमंती. आज शिक्षक, उद्या पुराणिक, परवा छापखान्यात. एका गावी बिऱ्हाड मांडावे आणि दुसऱ्या गावी मोडावे. पैसा हातात आला की तो टिकत नसे. कोणी मागितला तर द्यावा, कोणी न मागितला तरी द्यावा, अशी टिळकांची वृत्ती. संसाराचा गाडा मात्र लक्ष्मीबाईंनी ओढायचा. त्यात पोटची लेकरे लहानपणीच गेली. १८९१ च्या सुमारास नागपुरात संस्कृत ग्रंथांच्या भाषांतराचे काम मिळाले. तेथेच त्यांनी 'ऋषी' नावाचे मासिक चालविले आणि त्यातून धर्मविषयक विचार मांडले. जातिभेदाने आपला देश पोखरला आहे, त्याला उभे करील असा धर्म कोणता, हा प्रश्न त्यांना झोपू देत नसे. हा आधारही फार दिवस टिकला नाही, आणि राजनांदगावच्या संस्थानात काही काम मिळते का, हे पाहण्यास ते निघाले.

येथे क्षणभर थांबा आणि त्या प्रवासाकडे त्यांच्या त्या दिवशीच्या नजरेने पाहा. आज आपण त्याला दैवी योजना म्हणतो, कारण पुढचे सारे आपल्याला ठाऊक आहे. गाडीत बसलेल्या माणसाला दिसत होती ती आणखी एक सुटलेली जागा, आणखी एक अनोळखी गाव. आपल्या अडचणींच्या दिवसांत आपल्यालाही तेवढेच दिसत असते. चरित्रे वाचताना हे आपण विसरतो, असे मला नेहमी वाटते.

त्या डब्यात एक गोरे गृहस्थ होते. त्या काळी गोरा माणूस डब्यात असला की एतद्देशीय प्रवासी अंग चोरून बसत. हे गृहस्थ मात्र सौजन्याने वागले. बोलणे संस्कृत काव्यावरून सुरू झाले आणि धर्मावर आले. टिळकांची तळमळ पाहून त्या गृहस्थांनी त्यांना ख्रिस्ती धर्माचा अभ्यास करण्यास सुचविले, नव्या कराराची प्रत हाती दिली आणि दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. टिळकांना ते बोलणे त्या वेळी हास्यास्पदच वाटले असावे. निरोप घेताना दोघांनी एकमेकांची नावेसुद्धा विचारली नाहीत, असे सांगतात.

दिलेला शब्द पाळावा म्हणून टिळकांनी पुस्तक उघडले. हातात पेन्सिल घेऊन, महत्त्वाच्या जागी खुणा करीत, एखाद्या पंडिताने परपक्षाचा ग्रंथ वाचावा तसे ते वाचू लागले. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी मात्र ते अडकले आणि मग पुस्तक खाली ठेववेना. ज्या प्रश्नांची उत्तरे ते वर्षानुवर्षे शोधीत होते, ती तेथे त्यांची वाट पाहत होती. ह्या तीन अध्यायांत सारी मिळून एकशे अकरा वचने आहेत. भाषांतराच्या कामात ती मी कितीदा तपासली असतील, त्याची गणती नाही. आणि खरे सांगायचे तर सवयीने त्यांची धार माझ्यापुरती बोथट झाली होती. टिळकांच्या त्या पहिल्या वाचनाचा प्रसंग आठवला की मला थोडी लाज वाटते.

राजनांदगावात नोकरी मिळाली. बाहेरून पाहता संसार पुन्हा मार्गी लागत होता आणि आतून सारे उलथेपालथे होत होते. आपले नाव उघड न करता ते एका ख्रिस्ती नियतकालिकाच्या संपादकांशी पत्रव्यवहार करू लागले. बातमी फुटलीच. आप्तेष्ट दुरावले, मित्रांनी तोंड फिरविले. मन वळले होते. पण पत्नी, मूल आणि सारे गोत समोर दिसत असताना पाऊल उचलत नव्हते. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबई येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. गाडीतील त्या अनोळखी माणसाने दिलेली दोन वर्षांची मुदत जवळजवळ अचूक ठरली होती.

येथपर्यंतची कथा आपण मंडळीत अनेकदा ऐकली असेल. आनंदाने सांगण्याजोगीच ती आहे. परंतु वाचकहो, तिची दुसरी बाजू आपण घाईने उरकतो, आणि ते मला योग्य वाटत नाही.

टिळकांनी हे पाऊल उचलले ते पत्नीला न सांगता. बातमी लक्ष्मीबाईंपर्यंत पोहोचली तेव्हा त्यांच्यावर जणू आकाश कोसळले. नवरा जिवंत असून नाही. सवाष्ण म्हणावे तर घर नाही, विधवा म्हणावे तर कुंकू आहे. लहानग्या दत्तूला पदराखाली घेऊन नातलगांच्या आश्रयाने, कधी जलालपूर, कधी पंढरपूर, असे त्यांनी दिवस काढले. शोकाने त्यांचे भान हरपण्याची पाळी आली होती. जवळजवळ पाच वर्षे ही ताटातूट चालली. टिळकही तिकडे सुखात नव्हते. त्यांची पत्रे येत, कविता येत, परत बोलावणी येत. उत्तर मात्र येत नसे किंवा आले तरी आशा लावणारे नसे.

देवाने टिळकांना सेवेसाठी मोकळे करावे म्हणून हे घर मोडले, असे एका प्रवचनात मी ऐकले आहे. मला ते पटत नाही. पती, पत्नी आणि मूल यांची ताटातूट देवाला प्रिय होती असे म्हणण्यास पवित्र शास्त्रात मला आधार सापडत नाही. देवाच्या हेतूवर भरवसा ठेवणे म्हणजे प्रत्येक जखमेला देवाची सही जोडणे नव्हे. माणसांच्या हातून आणि माणसांच्या रूढींमुळे जे मोडले गेले, ते हाती घेऊन देवाने काय केले, एवढे पाहण्याचा आपल्याला अधिकार आहे; आणि ते पाहताना लक्ष्मीबाईंच्या पाच वर्षांची किंमत कमी लेखण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्यांनी स्वतःही ती कमी लेखली नाही. 'स्मृतिचित्रे' वाचा, त्या हसतात, हसवितात, पण दुःख झाकीत नाहीत.

शेवटी त्या दत्तूला घेऊन नगर जिल्ह्यात टिळकांकडे आल्या. ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे, तर संसारासाठी. घरात सोवळे-ओवळे चालू, चूल वेगळी, पाणी वेगळे. टिळकांनी सक्ती केली नाही. पाच वर्षांपूर्वी ज्या पतीने पत्नीला विचारले नव्हते, तोच आता वाट पाहण्यास शिकला होता. जातीजाती देवाने केल्या की माणसाने, हा प्रश्न लक्ष्मीबाईंच्या मनात त्यांचा त्यांनीच सोडविला, आणि एकदा सुटल्यावर आड असलेला बांध राहिला नाही. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पुढची वर्षे फलद्रूप झाली. अहमदनगरला टिळक ईश्वरविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना शिकवीत. १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, आणि १९१२ पासून अखेरपर्यंत 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे होते. ख्रिस्ती उपासनेला त्यांनी अभंग, ओवी आणि भजन यांचे रूप दिले. मराठी संतांच्या, विशेषतः तुकारामांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो अशी त्यांची धारणा होती, आणि आपल्या मंडळीने परदेशी पोशाखात वावरू नये, असा त्यांचा आग्रह असे. आज भिलाईसारख्या हिंदी मुलुखात आमची मुले आपसांत हिंदीत बोलतात. पण प्रार्थनेला बसली की टिळकांचे मराठी त्यांच्या तोंडी येते.

घर भरलेले असे. दुष्काळातील पोरकी मुले आली, तसाच एक कवितावेडा मुलगाही आला. तो म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे, अर्थात बालकवी. धर्म बदलावा असे ना टिळकांनी त्याला म्हटले, ना तो बदलला; परंतु लक्ष्मीबाईंनी त्याला मुलासारखे वागविले. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वेगाडीखाली सापडून बालकवी गेले. वय अवघे सत्तावीस. ज्या आगगाडीने टिळकांना नवा करार दिला, तिनेच हा मुलगा नेला. याचा अर्थ लावण्याचा प्रयत्न मी करणार नाही.

१९१७ साली टिळकांनी मिशनचे वेतन सोडले व संन्यस्त वृत्तीने साताऱ्यास येऊन 'देवाचा दरबार' उभारला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांनी बंधुभावाने एकत्र यावे, ही त्यामागील कल्पना. पन्नाशी उलटल्यावर पगार सोडून देणे म्हणजे काय, हे त्या वयातील वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. कित्येकांना हा वेडेपणा वाटला, काही जवळचेही शंकित झाले. दोन वर्षेही पुरी झाली नाहीत तोच ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. बालकवींच्या मृत्यूला तेव्हा एक वर्ष आणि चार दिवस झाले होते. दरबार त्यांच्यामागे फार काळ त्या जोमाने उभा राहू शकला नाही.

आणि आणखी एक काम अर्धेच राहिले. प्रभू येशूचे चरित्र मराठी काव्यात, ओवीबद्ध, सांगावे म्हणून १९०९ साली त्यांनी 'ख्रिस्तायन' हाती घेतले होते. दहा वर्षांत जेमतेम दहाएक अध्याय झाले. संपादन, अध्यापन, पाहुणे, दरबार यांतून सवड मिळाली नाही, आणि मग काळच सरला.

अपुऱ्या हस्तलिखिताचे दुःख मला थोडे ठाऊक आहे. आम्ही काही जण ज्या भाषांतरावर खपत होतो, त्याला लागणारी मदत काही वर्षांपूर्वी एकाएकी थांबली. ज्यांच्या भरवशावर काम चालू होते, त्यांनी आपली प्राधान्ये बदलली, एवढेच कळविण्यात आले. तपासलेल्या पानांची बाडे आजही माझ्याकडे कुरुदच्या घरी लोखंडी पेटीत आहेत. पावसाळ्यानंतर मी ती उन्हात घालतो आणि पुन्हा ठेवतो. ते काम पुरे झालेले नाही. ते होईलच असे आश्वासनही मला कोणी दिलेले नाही. म्हणून 'ख्रिस्तायना'कडे मी जरा निराळ्या नजरेने पाहतो.

टिळक गेले तेव्हा लक्ष्मीबाई पन्नाशीच्या होत्या. शाळेचे शिक्षण नाही. अक्षरे पतीने शिकविलेली, तीही त्यांच्या तापट स्वभावामुळे कधी रागाने, कधी विनोदाने. ज्या ख्रिस्तामुळे एके काळी त्यांचा संसार मोडला होता, त्याच ख्रिस्ताचे चरित्र पुढे नेण्यास त्या बसल्या. एकेक ओवी जुळवीत त्यांनी चौसष्ट अध्याय रचले. म्हणजे ग्रंथाचा फार मोठा भाग त्यांचा आहे. पांडित्य पतीचे, घरगुती गोडवा पत्नीचा, असा फरक जाणकार दाखवितात. माझे विचाराल तर वाचता वाचता ती सीमारेषा कोठे ओलांडली, हे मला प्रत्येक वेळी मागे वळून पाहावे लागते.

लक्ष्मीबाई २४ फेब्रुवारी १९३६ रोजी निवर्तल्या. 'ख्रिस्तायन' छापून प्रसिद्ध झाले ते १९३८ साली. पूर्ण ग्रंथ हातात घेऊन पाहण्याचे दोघांपैकी कोणाच्याही वाट्याला आले नाही.