विश्लेषण : बाळाच्या हिरडीवरची गाठ आणि डॉ. नॉयमन

मेहकरसारख्या तालुक्याच्या गावात बाळ जन्मते आणि त्याच्या हिरडीवर बोराएवढी गुलाबी गाठ दिसते. घरातले घाबरतात, कर्करोगाचे नाव कोणीतरी काढतेच. प्रत्यक्षात ही गाठ अतिशय दुर्मीळ, पण कर्करोगाची नसते. जन्मजात एप्युलिस किंवा ‘नॉयमनची गाठ’ या नावाने ती ओळखली जाते.

कोण होते नॉयमन?

अर्न्स्ट नॉयमन यांचा जन्म ३० जानेवारी १८३४ रोजी क्योनिग्सबर्ग येथे झाला. तेव्हा प्रशियात असलेले हे शहर आज रशियातील कालिनिनग्राड आहे. शिक्षण तिथलेच आणि १८६६ पासून विकृतिशास्त्राचे प्राध्यापकपदही तिथलेच. १८६८ मध्ये ससे व माणसांच्या हाडांतला मगज सूक्ष्मदर्शकाखाली पाहून, रक्तातल्या तांबड्या पेशी तेथे तयार होतात, असे त्यांनी मांडले. अनेक जाणकारांना ते पटेना. नॉयमन मागे हटले नाहीत. दोनच वर्षांनी त्यांनी रक्ताच्या कर्करोगाचा संबंधही हाडांच्या मगजाशी जोडला. १८७१ मध्ये त्यांनी एका नवजात बाळाच्या हिरडीवरील गाठीचे वर्णन प्रसिद्ध केले. रक्तावरील संशोधनापुढे हे काम छोटेच, पण नाव चिकटले ते या गाठीला! ६ मार्च १९१८ रोजी त्यांचे निधन झाले.

गाठ ओळखायची कशी?

ती जन्मतःच असते, बहुधा वरच्या जबड्यावर पुढे आणि मुलींमध्ये सुमारे ८ ते १० पट अधिक. जन्मानंतर ती सहसा वाढत नाही. हिरडीवरचे पांढरे, मोत्यासारखे दाणे वेगळे; ते काही आठवड्यांत जातात. दात येतानाचा निळसर फुगाही बहुधा आपोआप फुटतो. किडलेल्या दुधाच्या दाताजवळचा पुवाचा फोड मात्र दातावर इलाज केल्याशिवाय जात नाही. पक्के निदान आजही नॉयमन यांच्याच वाटेने होते : काढलेल्या गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून.

उपचार काय?

लहान गाठ कधीकधी आपोआप आकसते, म्हणून डॉक्टर वाट पाहू शकतात. दूध ओढणे किंवा श्वास घेणे अवघड झाले, तर शस्त्रक्रियेने ती काढतात. ती पुन्हा उद्भवत नाही. घरी दोऱ्याने बांधू नये, सुईने टोचू नये. रक्तस्राव व जंतुसंसर्गाचा धोका असतो. आधी सरकारी रुग्णालयात दाखवावे. नवजात बाळाला भूल देण्याची सोय हवी असल्याने मेहकरकरांना शस्त्रक्रियेसाठी बुलढाणा, अकोला किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागू शकते.