विशाळगडाच्या वेढ्यातला पोरगा आणि उज्जैनची वेधशाळा: सवाई जयसिंहाची गोष्ट

दरवर्षी 21 जूनच्या दुपारी उज्जैनच्या जीवाजी वेधशाळेत लोकांची गर्दी होते. शाळेची मुलं, गावातले रिकामटेकडे, पंचांगवाले, कॅमेरेवाले सगळे एका खांबाभोवती गोल उभे राहतात आणि खांबाची सावली जवळजवळ नाहीशी होताना बघतात. कर्कवृत्त शहराच्या थोडं वरून जातं, म्हणून ही मौज. संध्याकाळी आकाश मोकळं असेल तर तिथल्या दुर्बिणीतून ग्रहही बघायला मिळतात. इंदूर, देवास, ग्वाल्हेरकडची मराठी कुटुंबं महाकालाचं दर्शन झालं की मुलांना घेऊन तिकडे वळतात. शिप्रेकाठच्या त्या भागाला जयसिंहपुरा म्हणतात. ज्याच्या नावाचा हा पुरा, तो माणूस जयपूरचा. पण त्याच्या आयुष्याची एक गाठ थेट आपल्या कोल्हापूरच्या घाटात बसलेली आहे.

सवाई जयसिंहाचा जन्म 3 नोव्हेंबर 1688 चा, जयपूरजवळच्या आमेरचा. जयपूर तेव्हा नव्हतंच. वडील बिशनसिंह मुघलांच्या चाकरीत काबूलकडे असताना वारले आणि अकराव्या वर्षी हा गादीवर आला. गादी म्हणजे तरी काय, औरंगजेबाचा हुकूम आला की फौज घेऊन हजर व्हायचं. हुकूम आला तो दख्खनचा.

1702 च्या उन्हाळ्यात तेरा वर्षांचा हा राजा विशाळगडाखाली होता. मुघल कागदांत त्या गडाचं नाव खेळणा. गड परशुराम त्रिंबक प्रतिनिधी लढवत होते. जयसिंहाच्या राजपुतांनी शाहजादा बेदारबख्तच्या हाताखाली कोकण दरवाज्याच्या बाजूने हल्ला चढवला, माणसं गमावली, बाहेरची तटबंदी घेतली. शेवटी गड पडला तो मात्र तलवारीने नाही, पैसे मोजून. आणि परतीच्या वाटेवर पावसाने गाठलं. शाहूवाडी, मलकापूरकडचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. ओढ्यांनी तंबू, बैल, सामान सगळं धुवून नेलं.

सवाई ही पदवी औरंगजेबाने दिली, पोराची हजरजबाबी वृत्ती बघून हा इतरांपेक्षा सव्वापट आहे असं तो म्हणाला, अशी आख्यायिका राजस्थानात घरोघर सांगतात. आख्यायिका म्हणूनच ती ऐकावी. बादशहा गेल्यावर गादीच्या भांडणात जयसिंह हरणाऱ्या बाजूला निघाला. नव्या बादशहाने आमेर जप्त केलं. मग मारवाड आणि मेवाडच्या राजांशी हातमिळवणी करून 1708 मध्ये त्याने ते परत मिळवलं. एवढं सगळं विशीच्या आत.

असल्या माणसाला ताऱ्यांचा नाद कधी लागला? नाद लहानपणापासूनचा होता. गुरू रत्नाकर पुंडरीक मूळचे महाराष्ट्रीय. पुढे त्याच्या ज्योतिष्यांत सर्वांत मोठं नाव झालं ते जगन्नाथ सम्राटाचं, आणि परंपरा त्यांनाही दक्षिणेतले मराठी ब्राह्मणच मानते. जगन्नाथांनी युक्लिडची भूमिती अरबीवरून संस्कृतात आणली, तिचं नाव रेखागणित. टॉलेमीच्या ग्रंथावरून सम्राटसिद्धांत लिहिला. त्यासाठी अरबी शिकले. आज भाषेवरून डोकी फोडणाऱ्यांनी हे एवढं तरी लक्षात ठेवायला हरकत नाही.

जयसिंहाला डाचत होती ती गोष्ट अगदी साधी होती. पुस्तकातलं आकाश आणि डोक्यावरचं आकाश जुळत नव्हतं. समरकंदच्या उलुघबेगची कोष्टकं घ्या, आपल्या सिद्धांतांची घ्या, ग्रहणाची वेळ चुकायची, चंद्रदर्शन चुकायचं, ग्रह सांगितलेल्या जागी नसायचा. मुहूर्त, सण, रोजे, शेतसाऱ्याच्या तारखा, सगळा व्यवहार या गणितावर. वहीतली शिल्लक आणि गल्ल्यातली रोकड जुळत नसेल तर पुन्हा मोजावं लागतं, तसंच हे. त्याने बादशहा मुहम्मदशहाकडे विषय काढला, आणि बादशहाने काम त्याच्याच गळ्यात घातलं.

पहिली वेधशाळा दिल्लीत झाली, साधारण 1724 मध्ये. सुरुवातीला त्याने पितळेची यंत्रं करून पाहिली. ती लहान, आस झिजायचे, चकत्या हलायच्या, अंशाचे भाग नीट पाडता यायचे नाहीत. मग त्याने ठरवलं की यंत्रं दगड-चुन्याचीच बांधायची, घराएवढी, म्हणजे हलायला नकोत आणि खुणाही मोठ्या पडतील. बरं, एका जागचं मोजमाप चुकलं तर कळणार कसं? म्हणून जयपूर, मथुरा, काशी आणि उज्जैन अशी आणखी चार ठिकाणं. एकाचा आकडा दुसऱ्याने तपासायचा. उज्जैन निवडण्याला आणखी कारण होतं. भारतीय ज्योतिषात रेखांशाचं शून्य उज्जैनवरून धरत.

त्याच्या कोष्टकग्रंथाच्या प्रस्तावनेत आणखी एक गोष्ट येते. ज्याला या विद्येची आवड आहे, त्याला तारा कुठे आहे हे पाहावंसं वाटलं तर त्याने या यंत्रांवर येऊन पाहावं, असा हेतू तिथे नोंदवलेला आहे. अठराव्या शतकातला राजा हे लिहवून घेतो. त्या काळात पंचांगाचं गणित म्हणजे घराण्याचं गुपित, बापाने मुलाला द्यायचं. आणि इथे भर शहरात, उघड्या मैदानात, वर छप्पर नसलेली यंत्रं. आज गावोगाव हौशी मंडळी दुर्बीण लावून रस्त्यावरच्या माणसाला शनीची कडी दाखवतात, त्याची ही फार जुनी पायरी म्हणता येईल. प्रत्यक्षात तेव्हा रयतेतले किती लोक तिथे गेले असतील, ही गोष्ट वेगळी. राजवाड्याच्या दारातून आत जायला सामान्य माणूस तेव्हाही बिचकत असणारच.

यातलं सर्वांत मोठं सम्राट यंत्र म्हणजे एक प्रचंड त्रिकोणी भिंत. तिचा उतार पृथ्वीच्या अक्षाला समांतर, म्हणजे वरचं टोक ध्रुवाकडे. म्हणून उज्जैनला हा उतार सुमारे 23 अंशांचा, जयपूरला 27 चा. दोन्ही बाजूंना वर्तुळाचे चतुर्थांश, त्यावर सावली सरकते आणि वेळ दाखवते. जयपूरचं यंत्र 27 मीटर उंच. तिथे सावली सेकंदाला साधारण एक मिलिमीटर पुढे जाते, पाच मिनिटं उभं राहिलं तर डोळ्यांना दिसते. यंत्रावर दोन सेकंदांपर्यंतच्या खुणा आहेत. पण सूर्य ठिपका नाही, थाळी आहे. त्यामुळे सावलीची कड पुसट पडते, मोठ्या यंत्रावर चांगली चार बोटं रुंद आणि जास्तच. तिचा मध्य नेमका धरायला सराव लागतो. म्हणजे दगड कितीही मोठा करा, शेवटी भिस्त माणसाच्या डोळ्यावर. उज्जैनच्या यंत्रावरची वेळ ही तिथली स्थानिक वेळ, घड्याळाशी मेळ घालायला त्यात सुमारे 27 मिनिटं मिळवायची आणि त्या दिवसाची सूर्याची दुरुस्ती करायची. यासाठी तिथे फलक लावलेला असतो, तो न वाचता यंत्र चुकीचं आहे असं सांगत जाणारे पुष्कळ.

रात्रीचं काम जास्त कष्टाचं. जयपूरच्या जयप्रकाश यंत्रात जमिनीत खणलेले दोन संगमरवरी वाडगे आहेत, वर ताणलेल्या तारा. एका वाडग्यात जिथे दगड, दुसऱ्यात तिथे मोकळी जागा. वेध घेणारा त्या मोकळ्या जागेत उतरायचा आणि कडेला डोळा लावून तारांच्या फुलीतून तारा पकडायचा. शेजारी दिवा आणि लिहिणारा. थंडीत, पहाटेपर्यंत. हे वर्षानुवर्षं चाललं.

आणि याच वर्षांत राजा काय करत होता? माळव्यात मराठ्यांशी लढत होता. 1713 पासून तो माळव्याचा सुभेदार. 1715 मध्ये नर्मदेकडून आलेल्या मराठी फौजांना त्याने पिटाळून लावलं. पुढे पारडं फिरलं. 1733 मध्ये मंदसोरला होळकर-शिंद्यांनी त्याला कोंडलं, सहा लाख रुपये आणि चौथाईपोटी 28 परगणे देऊन तो सुटला. म्हणजे ज्या उज्जैनमध्ये त्याची यंत्रं उभी होती तो मुलूखच त्याच्या हातून सुटत चालला होता. जयसिंहाने हे ओळखलं होतं, असं दिसतं. पेशव्यांशी तडजोड करावी असं तो दिल्ली दरबाराला सांगत राहिला आणि दरबारातले विरोधक त्याला मराठ्यांचा मिंधा ठरवत राहिले. 1735 मध्ये बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई उत्तरेच्या यात्रेला गेल्या, तेव्हा जयपुरात त्यांचा मोठा पाहुणचार झाला. पुढच्या वर्षी बाजीराव आणि जयसिंह प्रत्यक्ष भेटले. बाजीराव गेल्यावर 1741 मध्ये माळव्याचा कारभार नानासाहेब पेशव्यांकडे रीतसर आला, त्यातही मध्यस्थ जयसिंहच.

या धामधुमीत त्याने जयपूर वसवलं, 1727 मध्ये, सरळ रस्त्यांचं, चौकटी आखून. आणि युरोपात काय चाललंय हे बघायला माणसं पाठवली. जेझुइट पाद्री मॅन्युएल द फिगेरेदो गोव्यामार्गे पोर्तुगालला गेले आणि गोव्यामार्गेच परतले. त्यांच्यासोबत फ्रान्सच्या ला हिरची कोष्टकं जयपूरला आली. दरबारात मोठा गाजावाजा झाला असेल. जयसिंहाने काय केलं, तर ती आपल्या वेधांशी ताडून पाहिली. चंद्राच्या जागेत अर्ध्या अंशाची चूक निघाली. ग्रहणाच्या वेळेत पंधरा पळांचा फरक, म्हणजे आजची सहा मिनिटं. साहेबाचं म्हणून बरोबर, असं त्याने धरलं नाही. 1734 मध्ये चंद्रनगरहून दोन फ्रेंच पाद्रीही त्याने बोलावून घेतले.

त्याच्या हिशेबात तूटही आहे, ती झाकण्यात अर्थ नाही. दुर्बीण त्याच्याकडे होती. शुक्राच्या कला, गुरूचे चार चंद्र, सूर्यावरचे डाग हे सगळं त्याच्या ग्रंथात नोंदलेलं आहे. पण मोजमापाच्या यंत्राला दुर्बीण जोडायची, हे युरोपात सुरू होऊन अर्धं शतक उलटलं होतं, ते इथे झालं नाही. ग्रहांच्या गतीचं नवं गणितही त्याच्या पद्धतीचा पाया बनलं नाही. आणि 1018 ताऱ्यांची त्याची यादी मुख्यतः उलुघबेगच्याच यादीत काळाचा फरक मिळवून केलेली आहे. डोळ्यांनी जेवढं नेमकं बघता येतं, त्याच्या टोकाला तो पोहोचला आणि तिथे थांबला. दगडावर एवढा खर्च झाल्यावर दिशा बदलणं सोपं नसतं. त्या ग्रंथाला त्याने बादशहाचंच नाव दिलं, झीज-ए-मुहम्मदशाही.

21 सप्टेंबर 1743 रोजी जयसिंह वारला. चोपन्न वर्षांचा होता. मुलांत गादीवरून भांडणं लागली, त्यात होळकर, शिंदे, पेशवे सगळे ओढले गेले, आणि रात्री वेध घ्यायला पगार देणारं कुणी उरलं नाही. दिल्लीच्या यंत्रांची मोडतोड झाली. मथुरेची वेधशाळा एकोणिसाव्या शतकात नामशेष झाली. अठराव्या शतकाच्या अखेरीस विल्यम हंटर नावाचा स्कॉटिश डॉक्टर उज्जैनला आला, तेव्हा त्याला जयसिंहाच्या एका ज्योतिष्याचा नातू भेटला. तरुण, हुशार, आजोबांची विद्या जपणारा. तो थोड्याच दिवसांत जयपूरला जाऊन वारला. हंटरला या गोष्टीची हळहळ वाटली, आणि त्यानेच जयसिंहाच्या ग्रंथाची प्रस्तावना इंग्रजीत आणली. 1896 मध्ये शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा भारतीय ज्योतिषशास्त्र हा ग्रंथ पुण्यात निघाला, त्यात मराठी वाचकाला जयसिंहाची ओळख मिळाली.

उज्जैनची यंत्रं ढासळत गेली. ती उभी केली ती शिंद्यांनीच. ज्यांच्या पूर्वजांनी मंदसोरला जयसिंहाला कोंडलं होतं, त्यांच्याच घरातल्या माधवराव महाराजांनी 1923 मध्ये वेधशाळेचा जीर्णोद्धार केला. त्यासाठी नारायणजी व्यास आणि गोविंद सदाशिव आपटे मागे लागले होते. आपटे तिथले पहिले अधीक्षक झाले. पुन्हा एक मराठी ज्योतिषी, पुन्हा तीच जुनी तक्रार, पंचांग आणि आकाश जुळत नाही. 1942 पासून या वेधशाळेतून दरवर्षी ग्रहांच्या प्रत्यक्ष स्थितीचं पंचांग निघू लागलं.

नाडीवलय यंत्राच्या दोन तबकड्यांपैकी उत्तरेकडची वसंतसंपातानंतर सहा महिने उजेडात असते, दक्षिणेकडची उरलेले सहा महिने. 21 मार्च आणि 23 सप्टेंबरच्या आसपास उन्ह एका तोंडावरून दुसऱ्यावर जातं. उज्जैनला त्या दिवशीही माणसं जमतात.