जुन्या गंजातले म्युनिसिपल कमिशनर

१८८२ च्या ऑक्टोबर महिन्यात पुण्याहून हंटर शिक्षण कमिशनकडे एक निवेदन गेले. लिहिणाऱ्याने शेवटी सही केली आणि सहीखाली आपली ओळख दिली ती अशी की, हा मनुष्य व्यापारी आहे, शेतकरी आहे आणि म्युनिसिपल कमिशनर आहे. राहणार पेठ जुना गंज. भिडे वाड्यातली १८४८ ची मुलींची शाळा, सत्यशोधक समाज, ‘गुलामगिरी’, यांतले काहीही सहीखाली नाही. महात्मा ही पदवी तर अजून सहा वर्षे दूर होती. जोतीराव गोविंदराव फुले यांना सरकारला आपली ओळख द्यावीशी वाटली ती एवढीच.

यातला शेवटचा शब्द आपण नेहमी घाईने ओलांडतो. आज म्युनिसिपल कमिशनर म्हटले की सरकारी अधिकारी डोळ्यांसमोर येतो. त्या काळी पालिकेच्या सभासदाला कमिशनर म्हणत. म्हणजे आपल्या भाषेत नगरसेवक. जोतीराव १८७६ ते १८८२ या काळात पुणे म्युनिसिपालिटीचे सभासद होते. चरित्रांतून या वर्षांना जागा मिळते ती थोडी, आणि ते स्वाभाविकही आहे. शाळेसाठी अंगावर शेण झेललेल्या दांपत्याच्या कथेपुढे पालिकेच्या सभेची कथा काय रंगणार? पण मी आयुष्यभर बँकेत मंजुरीच्या फायली हाताळल्या. माणूस दुसऱ्याच्या पैशाशी कसा वागतो, यावरून त्याची परीक्षा करायची सवय मला लागून गेली आहे. म्हणून मला ही वर्षे फार महत्त्वाची वाटतात.

जोतीरावांना कोणी निवडून दिलेले नव्हते. तेव्हा पालिकेचे सभासद सरकार नेमत असे. व्हाइसरॉय रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव आला १८८२ मध्ये, आणि लोकांच्या मताने सभासद निवडायची वाट त्यानंतर मोकळी होत गेली. तोपर्यंत सभागृहात बसायचे ते सरकारच्या मर्जीने. जोतीरावांचे नाव सरकारच्या चांगल्या वहीत होतेच. १८५२ मध्ये विश्रामबागवाड्यात मेजर कॅंडी यांच्या हस्ते शालजोडी देऊन त्यांचा जाहीर सत्कार झाला होता. शिवाय ते प्रतिष्ठित कंत्राटदार होते. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीशी त्यांचा संबंध होता. खडकवासल्याचे धरण, येरवड्याचा पूल अशा कामांशी त्यांचे नाव जोडले जाते. असा माणूस सभेत बसला तर सरकारच्या शब्दाबाहेर जाणार नाही, असे कोणालाही वाटले असते.

सभासदत्व मिळाले आणि पाठोपाठ दुष्काळ आला. १८७६-७७ चा तो दुष्काळ दख्खनची कंबर मोडून गेला. खेड्यातली माणसे पुण्याच्या रस्त्यांवर येऊन पडली. सत्यशोधक समाजाने धनकवडीला उपाशी मुलांसाठी आश्रम काढला. जोतीरावांनी त्यासाठी १८७७ च्या मे महिन्यात मदतीचे आवाहन केले, आणि सावित्रीबाई त्या कामात पुढे होत्या. हे काम पालिकेच्या कक्षेतले नव्हते. पण १८६३ मध्ये फसलेल्या विधवांच्या बाळंतपणासाठी घर उघडणाऱ्या, १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला करणाऱ्या या जोडप्याने कक्षा कधी विचारली नव्हती. माझ्या मते जोतीरावांचा मतदारसंघ हाच. मत द्यायचा हक्क नसलेल्या माणसांनी त्यांना निवडून दिले होते.

आता त्या हजार रुपयांकडे येऊ.

१८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुणे भेटीचा विषय पालिकेपुढे आला. स्वागत थाटात व्हावे म्हणून पालिकेच्या तिजोरीतून १,००० रुपये खर्चायचे, अशी अध्यक्षांची सूचना होती. लिटन म्हणजे कोण? दख्खनमध्ये माणसे अन्नावाचून मरत असताना १ जानेवारी १८७७ ला दिल्लीत दरबार भरवणारे गृहस्थ. १८७८ मध्ये देशी भाषांतल्या वृत्तपत्रांच्या तोंडाला कुलूप घालणारा कायदा आणला तोही यांनीच, आणि सत्यशोधकांच्या ‘दीनबंधु’ने त्याचा निषेध केला होता. अशा पाहुण्यासाठी करदात्यांचा पैसा उधळायला जोतीरावांनी विरोध केला. हा पैसा पुण्यातल्या गरिबांच्या शिक्षणावर खर्च करावा, असे त्यांचे म्हणणे पडले. सभासद बत्तीस. विरोधात मत एक.

हजार रुपये ही रक्कम आज डोळ्यांत भरत नाही, म्हणून मी जुन्या सवयीने हिशेब करून पाहिला. हंटर कमिशनच्या निवेदनात जोतीरावांनी प्राथमिक शिक्षकाला महिना निदान १२ रुपये पगार असावा असे सुचवले आहे. वर्षाचे झाले १४४. म्हणजे सात शिक्षकांचा वर्षाचा पगार १,००८ रुपये. स्वागताच्या रकमेत सात मास्तर वर्षभर शिकवू शकले असते, फक्त आठ रुपये कमी पडले असते.

एकट्याने विरोधी मत देण्यात काय असते, हे ज्याने फायलीवर इतर सगळ्यांच्या सह्या झाल्यावर पेन हातात घेतले आहे त्याला विचारावे. ठराव तर मंजूरच होणार असतो. तुमच्या मताने एक पैसाही वाचत नाही, उलट शेजारी बसणारे दुसऱ्या दिवसापासून जपून बोलू लागतात. इथे तर खुर्ची सरकारनेच दिलेली, आणि पाहुणा सरकारचा मुख्य. सरकारी बांधकामांवर ज्याचा धंदा चालतो त्याने हे करावे, याचे मला अजूनही नवल वाटते.

त्याच वर्षी जुलैत त्यांनी दारूच्या दुकानांचा प्रश्न काढला. पालिकेच्या व्यवस्थापक समितीचे काम पाहणारे अध्यक्ष प्लंकेट यांना त्यांनी पत्र लिहिले. पालिका एका बाजूने लोकांच्या आरोग्यावर पैसा खर्च करते, आणि दुसऱ्या बाजूला शहरात वाढलेली दारूची दुकाने त्याच लोकांच्या आरोग्याची आणि संसाराची धूळधाण करतात, ही विसंगती त्यांनी समितीच्या नजरेस आणली. दुकानांचे परवाने सरकारचे, त्यातून उत्पन्न सरकारला. नवऱ्याने पगार गुत्त्यात घातल्यावर चूल कशी पेटते, हे आजूबाजूच्या वस्तीत रोज पाहणाऱ्या माणसाचे ते पत्र आहे.

मंडईचा वाद याहून मोठा. शनिवारवाड्यासमोरच्या उघड्या पटांगणात भाजीबाजार भरत असे. त्याच्यासाठी पक्की, देखणी इमारत बांधायचे घाटत होते. खर्च सुमारे तीन लाख रुपये. जोतीरावांनी आणि त्यांचे स्नेही हरी रावजी चिपळूणकर यांनी याला विरोध केला. एवढा पैसा आधी शिक्षणाकडे वळवा, हीच त्यांची मागणी. इथेही माझा हिशेब सांगतो: १२ रुपयांच्या दराने तीन लाखांत दोन हजारांहून अधिक शिक्षकांचा एका वर्षाचा पगार होतो. पुन्हा एक गोष्ट लक्षात घ्या, बांधकाम हा जोतीरावांचा स्वतःचा व्यवसाय होता. बांधकाम निघाले तर आपल्याला काय मिळेल, असा विचार करणारे सभासद प्रत्येक काळात असतात.

तरी इमारत झालीच. १८८६ मध्ये गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या हस्ते तिचे उद्‌घाटन झाले आणि ती रे मार्केट म्हणून ओळखली जाऊ लागली. पुढे १९३८ च्या सुमारास आचार्य अत्रे पालिकेत असताना तिला महात्मा फुले मंडई हे नाव मिळाले. ज्यांनी विरोध केला त्यांचेच नाव! यात काही जणांना विनोद दिसतो. मला तसे वाटत नाही. इमारत सुंदर आहे आणि उपयोगाचीही ठरली. पावसात उघड्यावर बसणाऱ्या बागवानांना आणि माळणींना डोक्यावर छप्पर मिळाले, हे कबूल करावे लागेल. पण जोतीरावांचा प्रश्न इमारत चांगली की वाईट हा नव्हताच. आधी काय, हा त्यांचा प्रश्न होता.

त्यांना भाजीबाजार परका नव्हता. फुले हे आडनावच फुलांच्या धंद्यावरून आलेले, आणि भाजीपाल्याचा व्यवहार त्यांनी स्वतः केलेला. १८८३ मध्ये पुऱ्या केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी पालिकेवरही फटका मारला आहे. शेतकरी गाडीभर माळवे घेऊन शहरात येतो, नाक्यावर पालिकेची जकात भरतो, वजनात मारणाऱ्या दलालांच्या हाती सापडतो, आणि शेवटी गाडीभाडेही पदरचे घालून रिकाम्या हाताने मुलाबाळांपुढे जाऊन उभा राहतो, असे ते सांगतात. सहा वर्षे ज्या संस्थेत बसले तिच्या जकातीवर त्यांनी असे लिहिले.

पालिकेबद्दलचे त्यांचे खरे मत मात्र मला हंटर निवेदनातल्या एका सूचनेत सापडते. मोठ्या शहरांतल्या पालिकांनी आपल्या हद्दीतल्या प्राथमिक शाळांचा सगळा खर्च उचलावा, असे ते म्हणतात, आणि लगेच पुढे बजावतात की या शाळांचा कारभार मात्र पालिकांच्या हाती कोणत्याही परिस्थितीत देऊ नये; तो शिक्षण खात्याकडे असावा. पैसे घ्या, किल्ल्या देऊ नका! बाहेरच्या टीकाकाराने हे लिहिले असते तर त्याला आकस म्हणता आले असते. हे लिहिणारा स्वतः सभासद होता, आणि तीच ओळख त्याने सहीखाली दिली होती. उच्चवर्णीयांच्या हातातली पालिका शूद्रातिशूद्रांच्या मुलांना वर्गात कुठे बसवील, याबद्दल त्यांच्या मनात भ्रम नव्हता.

१८८८ च्या मे महिन्यात मुंबईत त्यांना महात्मा ही पदवी अर्पण झाली. त्याच वर्षी पक्षाघाताचा झटका आला आणि उजवा हात गेला. पुढचे पुस्तक त्यांनी डाव्या हाताने लिहिले. धंदा मागे पडला होता, हातात पैसा उरला नव्हता. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले.

आपल्याला दहन करू नये, मीठ घालून पुरावे, अशी त्यांची इच्छा होती. घराच्या मागे त्यासाठी त्यांनी खड्डाही खणून ठेवला होता. पण राहत्या वस्तीत दफन करायला परवानगी लागते, आणि ती द्यायची पालिकेने. पालिकेने परवानगी नाकारली. मग अंत्ययात्रा निघाली, सावित्रीबाई स्वतः टिटवे धरून पुढे चालल्या आणि दहन झाले. दोन दिवसांनी अस्थी घरी आणून मागच्या अंगणातल्या त्याच खड्ड्यात ठेवल्या. त्यासाठी परवानगी लागत नव्हती. समाधी तिथेच आहे.